गोष्ट सांगा, तात्पर्य नको

जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेवरून चालत जा. आत इंग्रजीचा तास चालू असेल तर रस्त्यावरच कळतं. ‘ए फॉर ॲपल, ॲपल म्हणजे सफरचंद. बी फॉर बॉल, बॉल म्हणजे चेंडू.’ आवाज खणखणीत, सूर एक, माना डोलतायत. हीच पोरं सातवीत गेली की त्यांना इंग्रजीत एवढंच विचारा, काल संध्याकाळी काय केलंस? वर्ग चिडीचूप. सहा-सात वर्षं आपण त्यांना शब्द पुरवले आणि त्या शब्दांमध्ये काही घडूच दिलं नाही. ते सफरचंद कुणी चोरून खाल्लं नाही. तो चेंडू कुणाच्या काचेवर बसला नाही.

माझी मागणी साधी आहे. पहिली ते चौथीच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला रोज गोष्ट सांगा. धडा संपला की बक्षीस म्हणून किंवा ऑफ तास भरून काढायला नव्हे, तर शिकवणं म्हणूनच सांगा. आणि एकच गोष्ट आठवडाभर सांगा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. निर्णयावर बरंच रान उठलं, पण त्यामागचा हेतू मला आजही पटतो. शहरातल्या पैसेवाल्याच्या मुलाला जे लहानपणापासून मिळतं ते वाडीवस्तीवरच्या मुलाला पाचवीपर्यंत का थांबून मिळावं? त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आता तिशी ओलांडून गेली आणि त्यांची मुलं शाळेत जायला लागली. मधल्या काळात विषय आला, पुस्तक आलं, परीक्षा आली. भाषा मात्र फारशी आली नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधं इंग्रजी वाक्य वाचता आलं ते २४.५ टक्क्यांना. २०१६ साली हाच आकडा २४.७ होता. आकडा देशाचा आहे, म्हणून आपण सुटलो असं कुणी समजू नये.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर महाराष्ट्र पेटला. दोन शासन निर्णय निघाले आणि २९ जूनला दोन्ही रद्द करावे लागले. विरोध रास्त होता, सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादायला मीही विरोधच केला असता. पण त्या गदारोळात चर्चा झाली ती कोणती भाषा, किती भाषा आणि कुणाची भाषा यांची. सहा वर्षांचं मूल घराबाहेरची भाषा शिकतं ते कसं, हे विचारायला वाहिन्यांवर कुणाला सवड नव्हती. जी दुसरी भाषा पंचवीस वर्षं वर्गात आहे तिची काय दशा आहे, तेही कुणी पाहिलं नाही.

बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकांत गोष्टी नाहीत असं नाही. आहेत, चित्रांसकट आहेत, काही तर चांगल्या आहेत. पण वर्गात गेल्यावर त्यांचं काय होतं ते बघा. बाई पुस्तक उघडतात. ‘वन्स देअर वॉज अ फॉक्स.’ म्हणजे, एकदा एक कोल्हा होता. ‘ही वॉज व्हेरी हंग्री.’ म्हणजे, त्याला खूप भूक लागली होती. प्रत्येक इंग्रजी वाक्याच्या शेपटीला मराठी वाक्य बांधलेलं. मुलं हुशार असतात, दुसऱ्या दिवशीच त्यांच्या लक्षात येतं की इंग्रजी बोललं जात असताना ऐकायची गरज नाही, ‘म्हणजे’ आला की कान टवकारले तरी भागतं. अशा रीतीने वर्षभर आपण त्यांना इंग्रजी न ऐकण्याचा सराव देतो.

मग शब्दार्थ फळ्यावर येतात आणि वहीत उतरतात. मग प्रश्नोत्तरं, तीही फळ्यावरून. कोल्ह्याला काय दिसलं? द्राक्षं दिसली. आणि सर्वांत शेवटी तात्पर्य, खाली दोन रेघा मारून. या तात्पर्याने आपल्या शाळांमधल्या जितक्या गोष्टी मारल्या तितक्या कुणीच मारल्या नसतील. मुलाला कोल्ह्याची कीव आलेली असते, हसू आलेलं असतं, द्राक्षं उंच होती तर त्याने दगड का नाही मारला असा अगदी व्यवहारी प्रश्न पडलेला असतो. ते सगळं पुसून टाकायचं आणि एक ओळ पाठ करायची. त्यानंतर ती गोष्ट पुन्हा ऐकावी असं कुठल्या मुलाला वाटेल?

याच्या उलट काय होऊ शकतं तेही मी पाहिलं आहे. एका तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी एकत्र, पोरं सतरंजीवर. बाईंच्या हातात खडू पुसायचं फडकं. उंदीर आणि टोपीची गोष्ट चालली होती. चिंधी सापडलेला उंदीर धोब्याकडे, रंगाऱ्याकडे, शिंप्याकडे जातो, टोपी घालून ढोल वाजवत राजासमोर मिरवतो, ती आपल्या घराघरातली गोष्ट. मुलांना ती मराठीत पाठ होती. बाईंनी ती इंग्रजीत सांगायला घेतली होती आणि तो तिसरा दिवस होता.

‘माउस गोज टु द धोबी,’ बाई म्हणाल्या. धोबी त्यांनी धोबीच ठेवला होता, ते मला फार आवडलं. फडकं पुढे केलं. ‘प्लीज वॉश माय क्लॉथ.’ आणि मान हलवून थांबल्या. तीसेक पोरं धोबी होऊन ओरडली, ‘नो, आय वोन्ट!’ बाईंनी कमरेवर हात ठेवला, डोळे वटारले. ‘देन आय विल कॉल द पोलीस.’ पोरांनी लगेच घाबरून फडकं धुवायला घेतलं, ‘ओके, ओके, आय विल वॉश इट!’ रंगाऱ्याकडे हेच, फक्त ‘वॉश’च्या जागी ‘कलर’. शिंप्याकडे हेच, ‘स्टिच’. तोवर बाईंना बोलावंच लागत नव्हतं. खिडकीपाशी बसलेली एक मुलगी, जी मी आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती, शिंप्याच्या वेळेला ओठ हलवायला लागली. राजा टोपी हिसकावून घेतो तिथे बाईंनी फडकं पाठीमागे लपवलं आणि उंदरासारखा बारीक आवाज काढला, ‘द किंग टुक माय कॅप! द किंग इज अ बेगर!’ पत्र्याच्या डब्यावर ढुमढुम झालं. राजा चिडून टोपी परत देतो. ‘द किंग गेव्ह माय कॅप बॅक. ही इज अफ्रेड ऑफ मी!’ पुन्हा ढुमढुम.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत एकाने दुसऱ्याची ताटली ओढली. ज्याची ओढली तो बाईंकडे धावत आला. ‘बाई, ही टुक माय ताटली.’

टेक, टुक, टेकन हा तक्ता मोठ्या वर्गातली मुलं घोकतात आणि तरी ‘टेक्ड’ लिहितात. या दुसरीतल्या मुलाने तक्ता पाहिलेला नाही. त्याच्यावर अन्याय झाला होता, राजाने उंदरावर केला होता तसाच, आणि त्या अन्यायासाठी त्याच्या कानात एक तयार वाक्य होतं. ते त्याने ताटलीला लावलं. भाषा येते ती अशीच, अख्खी वाक्यं कानात मुरतात आणि गरज पडली की त्यातला एखादा शब्द बदलून बाहेर पडतात.

यात नवल असं काही नाही. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्यासुध्या शाळांमध्ये जो प्रयोग केला, त्याचा गाभा हाच होता की मुलाचं लक्ष अर्थावर असतं तेव्हा भाषेचा सांगाडा त्याच्या आत आपोआप उभा राहतो. लक्ष सांगाड्यावर नेलं की अर्थही जातो आणि भाषाही. प्रभूंनी त्यासाठी कोडी आणि कामं वापरली. पण पहिली-दुसरीच्या मुलाचं लक्ष अर्थावर खिळवून ठेवायला गोष्टीएवढं खात्रीचं दुसरं काही मला माहीत नाही. पुढे काय होणार, हा प्रश्न पडला की मूल ऐकतंच. आणि आपल्या लोककथांची बांधणी बघा. चिमणी कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवते तेव्हा दर खेपेला कारण नवं, वाक्याची चाल तीच. भोपळ्यातली म्हातारी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक जनावराला तेच उत्तर देते. एकच वाक्य पाच वेळा यायचं आणि तरी कुणाला कंटाळा यायचा नाही, ही सोय आपल्या आज्यांनी कधीच करून ठेवली आहे. इंग्रजीच्या तासाला आपण ती वापरत नाही आणि मुलाला अशा गोष्टी देतो ज्यातलं घरही परकं, झाडही परकं आणि भाषाही परकी. निदान दोन गोष्टी ओळखीच्या असल्या तर तिसरी शिकता येते.

शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या १९३० च्या दशकातल्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक चौथीचा वर्ग हातात आल्यावर गोष्टींपासूनच सुरुवात करतो आणि आजूबाजूच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याच गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करून तारा मोडक महाराष्ट्रात आल्या, पुढे बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालशिक्षण उभं केलं. त्यांची नावं आपण भाषणात घेतो, पण तासाला घेत नाही.

आठ्या आजही पडतात. ‘गोष्टीतच वेळ गेला तर पोर्शन कधी संपणार?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. माझा उलट प्रश्न असा की पोर्शन तर दर वर्षी संपतोच आहे, मग पाचवीतल्या चारातल्या एकालाच वाक्य का वाचता येतं?

दुसरा प्रश्न जास्त खरा आहे आणि तो सहसा हळू आवाजात येतो. ‘आमचंच इंग्रजी कच्चं आहे हो.’ गावाकडच्या डी.एड. झालेल्या, स्वतः मराठी माध्यमात शिकलेल्या शिक्षकाला वर्गात उभं राहून अर्धा तास इंग्रजी बोला म्हटलं तर घाम फुटतो. वरून आपण त्याला प्रशिक्षणाला बोलावतो, तीन दिवस पीपीटी दाखवतो, ‘कम्युनिकेटिव्ह ॲप्रोच’ हा शब्द वीसदा ऐकवतो आणि परत पाठवतो. त्याची भीती होती तिथेच राहते.

इथेच गोष्ट शिक्षकाच्या मदतीला येते. उंदीर-टोपीची गोष्ट तीस वाक्यांत बसते. तीस वाक्यं पाठ करायला कुणाचंही इंग्रजी पुरतं. फोनवर एखाद्या जाणकाराकडून ती नीट म्हणवून घ्या, चार दिवस येता-जाता ऐका, आरशासमोर म्हणा, हातवारे बसवा. वर्षाला अशा दहा गोष्टी तयार झाल्या तर तीनशे पक्की, बिनचूक, जिवंत वाक्यं त्या शिक्षकाच्या जिभेवर असतात. आणि तीनशे वाक्यं ज्याच्या जिभेवर आहेत तो माणूस इंग्रजीला पूर्वीइतका घाबरत नाही. मुलं शिकता शिकता बाईही शिकतात, यात कमीपणा काहीच नाही. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसचा ‘वुई लर्न इंग्लिश’ हा ऐकण्याचा कार्यक्रम आकाशवाणीवरून शाळांपर्यंत गेला तो याच दिशेने, ऐकण्यापासून सुरुवात करत. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून ‘तेजस’ प्रकल्प केला, त्यात शिक्षकांनीच एकत्र बसून एकमेकांना शिकवायचे गट होते. कल्पना उत्तम होती. असे गट प्रकल्पाच्या मुदतीवर अवलंबून का असावेत? ते शाळांच्या प्रत्येक केंद्रात कायमचे हवेत.

मराठी वापरायची की नाही, यावर फार वाद घातले जातात. वापरायची, पण जागेवर. सोमवारी गोष्ट सरळ मराठीत रंगवून सांगा, पोटभर सांगा. मंगळवारपासून तीच इंग्रजीत, आणि मग वाक्यागणिक ‘म्हणजे’ नको. गोष्ट माहीत असल्यामुळे मूल अर्थ स्वतःच जोडून घेतं. अडलं तर चित्र आहे, हात आहेत, तोंड वेडंवाकडं करता येतं. शुक्रवारी मुलं नाटक करतील, त्यात निम्मं मराठी येईल, येऊ द्या. ‘इंग्रजीच्या तासाला मराठी बोललास तर दंड’ असली पाटी ज्या शाळेत आहे, तिथे मुलं इंग्रजी शिकत नसतात, गप्प बसायला शिकत असतात.

आणि जिथे घरची भाषा मराठी नाही तिथे सोमवार मराठीचासुद्धा नसावा. मेळघाटातल्या कोरकू मुलाला पहिलीत मराठीच नवी असते, नंदुरबारच्या भिल्ल पाड्यावर, गडचिरोलीच्या गोंडी घरात, बंजारा तांड्यावर तीच गत. तिथे सोमवारी गावातल्या एखाद्या आजीला शाळेत बोलवा. ती तिच्या भाषेत गोष्ट सांगेल, शिक्षक मुलांबरोबर खाली बसून ऐकेल. मंगळवारी तीच गोष्ट मराठीत, मग इंग्रजीत. त्या मुलाला पहिल्यांदाच कळेल की शाळेतल्या भाषा त्याच्या घरातून निघून पुढे जाऊ शकतात. या मुलांना आपण दोन-दोन परक्या भाषांच्या भिंतीसमोर उभं करतो आणि चौथीत गळती का होते म्हणून समिती नेमतो. याचा मला मनापासून राग येतो.

आता व्यवस्थेकडे वळतो. गोष्टीचं महत्त्व कागदावर सगळ्यांनी मान्य केलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गोष्टीतून शिकवण्याचा उल्लेख आहे. पण धोरण शाळेत पोचेपर्यंत त्याचा ‘उपक्रम’ होतो. उपक्रम म्हणजे एक दिवस, एक बॅनर, एक पाहुणा, माईकवर पाठ केलेलं भाषण म्हणणारा चौथीचा एक विद्यार्थी, आणि दुपारी दोनच्या आत लिंकवर फोटो. फोटो गेला की कथाकथन झालं. निवडणुकीची यादी, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराचा हिशेब यांतून शिक्षकाच्या हातात जो वेळ उरतो, तोही फोटोत जातो.

पुस्तकांचं तसंच. शाळेत गोष्टीची पुस्तकं येतात, रजिस्टरला चढतात आणि कपाटात जातात. कपाटाला कुलूप, कारण पुस्तक फाटलं तर भरपाई कुणी करायची? फाटू द्या की. तीस पोरांनी हाताळून फाटलेलं पुस्तक हे शाळेच्या तपासणीत चांगलं म्हणून नोंदवायला हवं. छापील पुस्तकं कमी पडली तर प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेलं ‘स्टोरीविव्हर’ आहे. चित्रांसकट हजारो गोष्टी, मराठीत आणि इंग्रजीत, कित्येकदा एकच गोष्ट दोन्ही भाषांत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या, फुकट आणि छापून घ्यायची मुभा असलेल्या. गावोगावी स्मार्ट टीव्ही दिलेत, त्यावर निदान ही चित्रं तरी मोठी करून दाखवा. सांगायचं मात्र माणसाने. टीव्हीला मुलाच्या चेहऱ्यावरचं प्रश्नचिन्ह दिसत नाही.

पालकांनाही चार शब्द. तालुक्याच्या गावात गाळ्यांवर पत्रा टाकून ‘इंटरनॅशनल’ शाळा निघतात, पिवळी बस दारात येते आणि शेतकरी बाप कर्ज काढून फी भरतो. त्याला दोष द्यायची माझी हिंमत नाही. त्याने पाहिलेलं असतं की इंग्रजीवाचून माणूस कुठे अडतो. पण त्याने एकदा त्या वर्गाबाहेर उभं राहून ऐकावं. तिथेही ‘ए फॉर ॲपल’च चाललेलं असतं, फरक एवढाच की गळ्यात टाय असतो आणि ‘म्हणजे सफरचंद’ म्हणायलाही बंदी असते. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन काढलं. अमेरिकेतून आलेल्या, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या बाई. त्यांनी इंग्रजी माध्यम ठेवलं असतं तर प्रवेशाला रांग लागली असती. त्यांनी शाळा मराठी माध्यमाची ठेवली. भाषाशास्त्र शिकलेल्या माणसाने स्वतःच्या शाळेसाठी काय निवडलं, ते फी भरण्याआधी प्रत्येक बापाने पाहावं.

गोष्टीने सगळं होतं असं मी म्हणत नाही. अक्षरओळख, अक्षर आणि आवाज यांची जोडी, स्पेलिंग हे वेगळं शिकवावंच लागतं, रोज थोडं, नेमाने. उंदराची गोष्ट ऐकून कुणाला ‘नाइट’च्या स्पेलिंगमधला मुका ‘जीएच’ समजणार नाही. पण ज्या मुलाच्या कानात ‘स्टिच’ आधीच खेळतो आहे त्याच्यापुढे तो शब्द छापून आला की त्याला ओळख पटते. ज्याच्या कानात काहीच नाही तो नुसती अक्षरं जुळवत बसतो आणि जुळवल्यावरही त्याच्या हाती काही लागत नाही.

तर केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत पहिला अर्धा तास एवढंच करा. दोन शिक्षकांनी उभं राहून एकेक गोष्ट इंग्रजीत सांगायची, बाकीच्यांनी मुलांसारखं खाली बसून ऐकायची, मध्येमध्ये ओरडायचं, डबा वाजवायचा. उच्चार चुकला म्हणून कुणी कुणाला हसायचं नाही. केंद्रप्रमुखांनीही वर्षातून एक सांगायची, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे डाएटच्या, अधिव्याख्यात्यांनीही. शाळाभेटीला गेल्यावर वह्या मागण्याआधी वर्गात बसून मुलांकडून एक गोष्ट ऐकायची आणि कुठली ऐकली ते शेऱ्यात लिहायचं. फोटो मागायचा नाही. येत्या जूनच्या पहिल्या परिषदेपासून हे सुरू करता येईल, त्यासाठी वेगळा निधी लागत नाही आणि वरून आदेश येण्याची वाटही पाहावी लागत नाही.